पल्याडचा मामा

माझा भाचा श्रीपती जन्मला ते साल चव्वेचाळीस. तो झाला भाद्रपदात, आणि त्याच्या बापाला ते कळलं नाताळच्या सकाळी, इटलीतल्या एका नदीच्या बांधामागं, घोटाभर चिखलात उभं असताना.

पत्र हवालदार आनंदा पिसाळांनी वाचलं. मला तेव्हा सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं, ते फार उशिरा आलं. धुकं इतकं होतं की हवालदारांनी कागद नाकाला लावला होता.

"दौलती, मुलगा हाय," ते म्हणाले. "नाव श्रीपती ठेवलंय. बाळ-बाळंतीण खुशाल."

दौलती जगदाळे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, गोजराचे मालक. माझे दाजी. आम्ही दोघं माणदेशातल्या एकाच गावचे आणि एकाच दिवशी भरती झालेलो. निघताना आईनं माझा हात त्यांच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, "दाजी, ह्यो एकटाच हाय मला. जसा नेताय तसा आणा."

दाजींनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, परत हवालदारांना दिलं.

"पुन्यांदा वाचा."

हवालदारांनी पुन्हा वाचलं.

"पाळणा कुणी दिला?" दाजींनी विचारलं. "पाळणा मामानं द्यायचा असतोय. मामा तर हितं माझ्या म्होरं चिखलात उभा हाय."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला वाईट वाटलं. गोजराला मी शब्द दिला होता की पहिल्या बाळाचा पाळणा बाभळीच्या लाकडाचा, माझ्या हातानं करून देईन.

नदी अशी काही मोठी नव्हती. आपल्याकडच्या ओढ्यापेक्षा थोडी रुंद. पण दोन्ही काठांना घराएवढे उंच मातीचे बांध होते. अलीकडच्या बांधाला पाठ लावून आम्ही, पलीकडच्या बांधाच्या पोटात जर्मन. बांध आतून पोखरून त्यांनी बिळं केली होती. ढेकूळ फेकलं तर त्यांच्यात पडेल इतके ते जवळ होते, आणि महिनाभरात त्यातला एकही आमच्या डोळ्यांना दिसला नव्हता.

त्या सकाळी कुणी गोळी झाडत नव्हतं. कंपनीचा गोरा साहेब पहाटे येऊन एवढंच सांगून गेला होता, की ते झाडत नाहीत तोवर तुम्ही झाडू नका. का, ते हवालदारांनी सांगितलं. आज त्यांची दिवाळी.

मग धुक्यातून गाणं आलं.

आधी एकच आवाज होता. संथ, खालच्या पट्टीतला, कुठं घाई नाही. मग मागून आणखी पाच-सात आवाज मिसळले. गाणं संपल्यावर दाजींनी विचारलं, "काय म्हणत्यात ते?"

"त्यांच्या देवाचा जन्म आज," हवालदार म्हणाले. "गोठ्यात जन्मला. त्या बाळाचं गाणं आसणार."

"म्हंजी पाळणाच की!" दाजी ताडकन उठले. "मग आपलंबी बारसं आजच हाय. सुभाना, घुगऱ्या टाक."

सुभाना आमचा लंगरी, पलटणीचा आचारी. त्याच्याकडं हरभऱ्याची पिशवी होती. तो म्हणाला, "दौलतीदादा, पाळणा बायका म्हणत्यात."

"हितं बायका दाव, मी गप बसतो."

दाजींचा आवाज आमच्या तालुक्यात नावाजलेला होता. जत्रेत ते पोवाडा म्हणायला उभे राहिले की माणसं जेवण टाकून यायची. पाळणा मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी बांधाला पाठ टेकली, डोळे मिटले आणि जागच्या जागी जुळवत म्हणायला सुरुवात केली.

*बाळ जन्मलं माणाच्या माळी,*
*बाप परमुलखी, चिखल कपाळी,*
*जो जो रे जो.*

शेवटचा "जो जो रे जो" आम्ही सगळ्यांनी धरला. हसत हसत, बेसूर. दुसरं कडवं झालं. पुन्हा आम्ही धरलं. तिसऱ्या कडव्याला आम्ही तोंड उघडलं, आणि पलीकडून आवाज आला.

"यो यो रे यो."

तोच संथ आवाज. शब्द वाकडे, पण सूर असा सरळ की आमचे सगळे गप्प झाले.

दाजींनी डोळे उघडले. "ऐका रं बेसुऱ्यांनो," ते म्हणाले. "झील अशी धरायची असती. तुमच्यापरास तो बरा."

"तुमचा जावाई करून घ्या त्याला," सुभाना म्हणाला.

"जावाई कसला? पोरगी कुठाय? पाळण्याची झील धरली म्हंजी मामाच झाला की त्यो." आणि लगेच त्यांनी कडवं लावलं.

*धुक्यात बुडालं नदीचं पाणी,*
*पल्याडचा मामा म्हणतोय गाणी,*
*जो जो रे जो.*

पलीकडून झील आली. ह्या वेळी त्याच्याबरोबर आणखी चार-पाच जण होते आणि तेही हसत होते. मी म्हणालो, "दाजी, मामा मी हाय."

"तू हाईसच की. पोराला दोन मामा आसले तर बिघडलं काय? एक पाळणा दील, एक झबलं."

घुगऱ्या शिजल्या. दाजींनी मूठभर घुगऱ्या एका रुमालात घातल्या, वजनाला खडा घातला, गाठ मारली आणि गोफण फिरवल्यासारखी पुरचुंडी पलीकडं भिरकावली. थोडा वेळ काही नाही. मग तो आवाज ओरडून काहीतरी म्हणाला. हवालदार म्हणाले, "आणखी म्हणतोय वाटतं." घुगऱ्या आणखी की गाणं आणखी, ते समजलं नाही. त्यांनीही काहीतरी फेकलं. ते कमी पडलं आणि पाण्यात बुडालं. काय होतं ते कधी कळलं नाही.

"शिरपती मोठा झाला आन् मिशीला पीळ द्यायला लागला," दाजी म्हणाले, "की त्याला सांगायचं, गप बस, जर्मनानं तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात!"

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत गात होतो. ते एक म्हणायचे, दाजी एक म्हणायचे. बारशाच्या घुगऱ्या ज्यानं खाल्ल्या तो घरचा, असं आमच्याकडं मानतात. त्या दिवशी ते कुणाला चेष्टा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या मशीनगननं पहिली फैर झाडली. आमच्या डोक्यावरून, उंच, हवेत. टक् टक्, ट, टक्. थांबली. पुन्हा टक् टक्, ट, टक्.

दाजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. "जो जो रे जो," ते म्हणाले. "बघा, राम राम घालतोय."

तेव्हा आम्हांला कळलं की तो गाणारा माणूस आणि ती मशीनगन चालवणारा माणूस एकच होता.

पुढं रोज सकाळी तो तसाच राम राम घालायचा, आणि दाजी तिथूनच हात वर करायचे, तो दिसत नसताना. आणि मग एक दिवस धुकं अचानक फाटलं. सुभाना मागच्या विहिरीवरून पाण्याचे डबे घेऊन येत होता. त्या दिवशी फैर ताल धरून आली नाही. सरळ आली. सुभाना डब्यांवर पडला आणि पाणी त्याच्या अंगाखालून वाहत राहिलं.

त्याला आम्ही मागं गाडून आलो. दाजी त्याचे डबे पुसत बसले. मग म्हणाले, "त्याला काय ठावं, घुगऱ्या कुणी शिजवल्या त्या."

पंधरवड्यात त्या मशीनगननं आणखी दोन माणसं घेतली. तोफखान्याचे लोक दुर्बिणी लावून बसायचे, पण ती सापडत नव्हती. तो एका बिळातून झाडायचा आणि आम्ही मान वर करेपर्यंत बांधाच्या पोटातून दुसऱ्या बिळात गेलेला असायचा. धुक्यात आवाज कुठून येतो तेही कळायचं नाही.

आणि जानेवारीच्या अखेरीस हुकूम आला. नदी ओलांडून पलीकडचा बांध घ्यायचा. कापडी होड्या आल्या. हवालदारांनी पहिल्या होडीतली नावं सांगितली. त्यात पहिलं नाव माझं होतं.

सगळ्यांना माहीत होतं. ती मशीनगन जागेवर असली तर पहिली होडी पाण्याच्या मध्यापर्यंतसुद्धा जात नाही. दाजी उठून मागं गेले. मुतायला गेले असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं आले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हवालदार पिसाळ आमच्या खंदकात आले. धुकं पुन्हा उतरलं होतं. त्यांच्यामागं वायरलेसवाला होता. तो लांब बांधाच्या कडेला जाऊन बसला.

हवालदार म्हणाले, "दौलती, पाळणा म्हणायचा."

कुणालाच कळलं नाही. मग हवालदारांनी सांगितलं. आवाज ऐकायला दोन माणसं दोन बाजूंना बसवली होती. मागं मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा, तयार होत्या. "गोळी झाडली की तो जागा सोडतोय," हवालदार म्हणाले. "गाण्यात माणूस जागचा हलत न्हाई. तीन-चार कडवी पुरं होतील."

मी म्हणालो, "हवालदारसाहेब, ह्ये करू नगा. पाळणा हाय त्यो. घरात रिकामा पाळणासुदिक हलवू देत न्हाईत म्हातारी माणसं."

"केरबा, गप."

"त्यानं घुगऱ्या खाल्ल्यात बारशाच्या."

"आणि सुभानाला कुणी खाल्लं?" हवालदारांचा आवाज चढला. "हुकूम हाय माझा. पाप लागलं तर मला लागंल. दौलती, म्हण."

मी दाजींकडं पाहिलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. कोर्ट मार्शल होऊ दे, पण नाही म्हणतील. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी पागोटं नीट केलं, बांधाला पाठ टेकली, जशी नाताळच्या दिवशी टेकली होती तशी. फक्त डोळे मिटले नाहीत.

*बाळ जन्मलं माणाच्या माळी,*
*बाप परमुलखी, चिखल कपाळी,*
*जो जो रे जो.*

झील कुणी धरली नाही. आमच्यातल्या एकाचंही तोंड उघडलं नाही. हवालदार दबक्या आवाजात म्हणाले, "धरा रं! संशय यील त्याला." मग कुणीतरी धरली, मग सगळ्यांनी. मीही धरली.

पलीकडं शांत होतं. मी मनात म्हणत होतो, बोलू नको. झोपलेला ऱ्हा. बहिरा हो.

दाजींनी दुसरं कडवं म्हटलं. आवाज जराही हलला नाही. त्यांचा तसा आवाज मी गावातही ऐकला नव्हता. आम्ही झील धरली आणि ती संपायच्या आत तो आला.

"यो यो रे यो."

आणि मग त्यानं ओरडून तोच शब्द म्हटला, नाताळला म्हटला होता तो. आणखी.

बांधाच्या कडेला वायरलेसवाला कुजबुजत होता. हवालदारांनी दोन बोटं वर केली. अजून दोन.

तिसरं कडवं. तो लगेच आला. आता एकटाच होता, पण मोकळ्या गळ्यानं, बिळाच्या तोंडाशी येऊन म्हणत असावा असा.

चौथं कडवं ते कुठलं म्हणतील ते मला ठाऊक होतं, आणि ते म्हणू नयेत म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि सोडला नाही.

*धुक्यात बुडालं नदीचं पाणी,*
*पल्याडचा मामा म्हणतोय गाणी,*

आम्ही कुणी झील धरली नाही. हवालदारही काही म्हणाले नाहीत. तो एकटाच म्हणाला.

"यो यो रे…"

मागून मॉर्टर सुटल्या. डोक्यावरून शिट्टी गेली आणि पलीकडचा बांध एकाच जागी चार-पाच वेळा उसळला. माती आमच्या अंगावर येऊन पडली. नंतर पाण्यात ढेकळं पडत राहिल्याचा आवाज.

मग तोही थांबला. दाजींनी अगदी हळू, पाळण्यातल्या मुलाला जाग येऊ नये तसं, उरलेला "जो" म्हटला. माझा हात सोडला आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही होड्या टाकल्या. मशीनगन वाजली नाही. पहिली होडी पलीकडं लागली तेव्हा माझे फक्त पाय ओले झाले होते. थोडी चकमक झाली, आमची दोन माणसं जखमी झाली, मेलं कुणी नाही. बांध आम्ही घेतला.

ढासळलेल्या जागी मी थांबलो. गन अर्धी मातीत होती. शेजारी तो होता. आम्ही सगळे त्याला तरणा समजत होतो. तो तरणा नव्हता. कानाशी केस पिकलेले, नाकावर तारेचा चष्मा, एक काच शाबूत. आमच्या गावच्या भजनात पखवाज घेऊन बसणाऱ्या कुठल्याही बाप्यासारखा. बोटात लग्नाची अंगठी. मी माती ओढून त्याचं तोंड झाकलं.

परत आल्यावर दाजींनी विचारलं, "बघितलास?"

"न्हाई," मी म्हणालो. "समदी मातीच हाय."

लढाई संपली. शेहेचाळीस साली आम्ही घरी आलो. आईनं मला दारातच चाचपून पाहिलं आणि दाजींच्या पाया पडायला वाकली. ते घाईनं मागं सरले आणि तडक विहिरीवर गेले.

त्यानंतर ते गायले नाहीत. जत्रेत लोक बोलवायला यायचे. "घसा गेला लढाईत," असं ते सांगायचे. गोजराला पुढं तीन मुलं झाली. प्रत्येकाला मी बाभळीचा पाळणा करून दिला. गोजरा मला एकदा म्हणाली, "तुझं दाजी पोराला मांडीवर घेत्यात, खांद्यावर घेत्यात, पर पाळण्याची दोरी कधी हातात धरत न्हाईत. का रं?" मी म्हणालो, मला काय माहीत.

मला माहीत होतं, आणि दोष कुणाचा तेही माहीत होतं. आनंदा पिसाळांचा. त्यांचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर. पेन्शनीच्या दिवशी तालुक्याला भेटायचे. राम राम घालायचे, मी घ्यायचो नाही. एकदा ते आमच्या गावच्या लग्नाला आले आणि उन्हाचे माझ्या ओसरीवर टेकले. पाणी मागितलं. मी म्हणालो, "ह्या घरात गाणं इकायला लावणाऱ्याला पाणी मिळत न्हाई." बायको आतून धावत आली, पण मी तिला उंबऱ्यातच थांबवलं. पिसाळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या ओठावर काहीतरी आलं होतं. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "बरं हाय, केरबा. तुझं बरोबर हाय." आणि उन्हात चालू लागले.

त्र्याहत्तर साली, दुष्काळात, पिसाळ गेल्याची खबर आली. दहाव्याच्या दिवशी पहाटे दाजी माझ्याकडं आले.

"चल. दहाव्याला जायचं."

"मी न्हाई येत."

"चल म्हणतो."

"दाजी, तुमचा गळा त्यानं घेतला. तुमास्नी लाज कशी वाटत न्हाई तिथं जायाला?"

दाजी खाली बसले. नदीच्या बांधामागं बसले होते तसे, भिंतीला पाठ लावून.

"हुकूम त्याचा नव्हता," ते म्हणाले.

"आमच्या कानानं ऐकलाय."

"होडीतली नावं सांगितली त्या संध्याकाळी मी गेलो त्याच्याकडं. मीच म्हणालो, त्यो गाण्याला वळखतो, गाण्यात त्याला धरता यील. पिसाळ न्हाई म्हणाला. म्हणाला, दौलती, ह्ये तुला पचणार न्हाई. मी म्हणालो, केरबाला दुसऱ्या होडीत घाल मग. तर म्हणाला, केरबाच्या जागी ज्याला घालीन त्यालाबी आई हाय." दाजींनी जमिनीवरची एक काडी उचलली आणि मोडली. "मग म्हणाला, करू. पर म्हणणार मी, की मी हुकूम दिला. तुझ्या नावावर नको. तू शाहीर हाईस, तुला गावात जाऊन गायचंय."

ओसरीवरून उन्हात चालत गेलेले पिसाळ मला दिसत होते.

"पोराला दोन मामा होते, केरबा," दाजी म्हणाले. "मला एकच राखता येत होता."

मग त्यांनी विचारलं, "तू बघितला होतास त्याला. खरं ना?"

"व्हय."

"कसा होता?"

मी सांगितलं. पिकलेले केस, चष्मा, अंगठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले आणि म्हणाले, "चल, ऊन व्हायच्या आत."

आम्ही दोन कोस चालत गेलो. घाटावर पिसाळांच्या मुलानं मला ओळखलं नाही. मी माझ्या हातानं पिंडाला पाणी घातलं.

दौलती जगदाळे एक्क्याऐंशी साली माघात वारले. अग्नी श्रीपतीनं दिला. हवालदार आनंदा पिसाळ त्र्याहत्तरच्या चैत्रात वारले. सुभाना लंगरी पंचेचाळीसच्या जानेवारीत मेला, आणि त्याच महिन्यात, दिवेलागणीला, पल्याडचा तो माणूस. त्याचं नाव आम्हांला माहीत नाही.